मूत्रपिंड देणाऱ्याची पाहणी

घरातल्या कुणाची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली, म्हणजे त्या घरापुढे दोनच वाटा राहतात. एक वाट म्हणजे आठवड्यातून दोन-तीन वेळा तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यायचे. त्याला डायलिसिस म्हणतात. दुसरी वाट म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी निरोगी मूत्रपिंड रोग्याच्या शरीरात बसवायचे. हे मूत्रपिंड मेंदू मृत झालेल्या माणसाचे असू शकते, किंवा हयात माणसाचे. पहिल्या प्रकारचे मिळायला पुष्कळ वाट पाहावी लागते. त्यामुळे आपल्या देशात बहुतेक मूत्रपिंडे अजूनही हयात माणसांकडून, म्हणजे घरातल्याच कुणाकडून तरी येतात. आणि देणाऱ्यांत बायकाच अधिक असतात. कुठे आई असते, कुठे बायको, कुठे बहीण.

आज मला बोलायचे आहे ते या देणाऱ्या माणसाविषयी. रोग्याची विचारपूस सारा गाव करतो. देणाऱ्याची तितकी होत नाही. 'तिला काय झालंय, चांगली धडधाकट आहे' असे म्हणून लोक मोकळे होतात. पण जरा विचार करा. एरवी शस्त्रक्रिया कुणावर होते? ज्याला काही दुखणे आहे त्याच्यावर. इथे मात्र एका ठणठणीत माणसाला, त्याचे स्वतःचे काहीही दुखत नसताना, शस्त्रक्रियेच्या टेबलावर घ्यायचे असते. म्हणून त्याची जितकी कसून पाहणी करावी तितकी थोडीच. रक्तगट, लघवी, रक्तदाब, साखर, छातीचा फोटो, हृदयाचा आलेख, सोनोग्राफी अशा सगळ्या तपासण्या होतात. त्या पार पडल्या म्हणजे शेवटाकडे एक तपासणी येते, ती मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांची. तिचे नाव सी. टी. अँजिओग्राफी. नाव ऐकूनच माणूस बिचकतो. 'अँजिओग्राफी तर हृदयाची करतात, माझं हृदय बिघडलं की काय?' असे त्याला वाटते. तर ही तपासणी काय आहे, ती कशाकरता करतात, आणि तिचे उत्तर हाती आले म्हणजे घरच्यांनी कसे वागावे, हे आपण आज क्रमाने पाहू.

प्रथम मूत्रपिंडाची ठेवण ध्यानात घेऊ. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, खालच्या बरगड्यांच्या आडोशाला एकेक मूत्रपिंड असते. लांबी १० ते १२ सेंटिमीटर, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. आकार एवढासा, पण काम केवढे! हृदय जेवढे रक्त बाहेर टाकते त्याचा सुमारे पाचवा हिस्सा या दोघांकडे जातो. मिनिटाला लिटरभर रक्त त्यांतून गाळून निघते. हे रक्त येते कुठून? पोटात कण्याला लागून शरीरातली सर्वांत मोठी रोहिणी खाली उतरते, तिला महारोहिणी म्हणतात. तिच्यापासून उजवीकडे आणि डावीकडे एकेक फाटा फुटून मूत्रपिंडात शिरतो. गाळलेले रक्त नीलेवाटे बाहेर पडून शरीरातल्या मोठ्या नीलेला, म्हणजे महानीलेला मिळते.

शेतकऱ्याला हे समजायला कठीण नाही. महारोहिणी म्हणजे मोठा कालवा, मूत्रपिंडाची रोहिणी म्हणजे त्यावरची चारी. चारीचे पुढे पाट होतात, पाटाचे दंड होतात आणि प्रत्येक दंड आपापले वाफे भिजवतो. आता एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचे सारे तिच्यावरच उभे आहे. मूत्रपिंडातल्या या पाटांना एकमेकांत जोड नसतो. एका फांदीचे रक्त बंद झाले तर शेजारची फांदी तिच्या मदतीला येऊ शकत नाही. जो पाट मोडला, त्याच्या खालचे वाफे वाळलेच. नीलांचे तसे नाही. त्या निचऱ्याच्या चरांसारख्या आतून एकमेकींना मिळालेल्या असतात. एखादा लहानसा चर बुजला तरी पाणी दुसऱ्या वाटेने निघून जाते. म्हणून शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर एखादी बारीक नीला बांधून टाकू शकतो, पण रोहिणीला हात लावताना त्याला दहादा विचार करावा लागतो.

शिक्षकमित्रांनो, शाळेच्या पुस्तकातल्या चित्रात प्रत्येक मूत्रपिंडाला एक रोहिणी आणि एक नीला दाखवलेली असते. शिकवायला ते ठीकच आहे. प्रत्यक्षात मात्र शंभर माणसांतल्या पंचवीस-तीस जणांच्या निदान एका बाजूला दोन किंवा अधिक रोहिण्या असतात. हा रोग नव्हे, व्यंगही नव्हे. याचे कारण आपल्या जन्माआधीच घडलेले असते. आईच्या पोटात असताना मूत्रपिंड आधी ओटीपोटात तयार होते आणि मग हळूहळू वर सरकत आपल्या जागी येते. वर चढताना ते टप्प्याटप्प्याने नव्या रोहिण्या धरते आणि जुन्या सोडते. एखादी जुनी सुटायची राहिली, म्हणजे ती जन्मभर तशीच राहते. ज्याच्या शरीरात असे दोन-तीन फाटे असतात त्याला त्याचा पत्ताही नसतो. तो शेतात राबतो, संसार करतो, म्हातारा होतो. त्याचे काही अडत नाही. अडते ते मूत्रपिंड काढून दुसऱ्याला बसवायची वेळ आली म्हणजे.

भावाभावांत शेताची वाटणी करायची तर आपण आधी मोजणी करून घेतो. बांध कुठे, विहीर कुठे, पाट कुणाच्या हद्दीतून जातो, हे पाहिल्यावाचून कुणी कुदळ घालत नाही. दात्याच्या रक्तवाहिन्यांची तपासणी ही अशीच मोजणी आहे.

या मोजणीत काय काय पाहतात? एक, रोहिण्या किती आहेत आणि प्रत्येकीची जाडी किती. दुसरे, मुख्य रोहिणी निघाल्यावर कितव्या सेंटिमीटरला फुटते. दीड-दोन सेंटिमीटरच्या आतच ती फुटली असेल, तर कापताना हाती एक देठ येण्याऐवजी दोन देठ येतात आणि रोग्याच्या शरीरात दोन जोड द्यावे लागतात. तिसरे, मूत्रपिंडाच्या खालच्या टोकाला एखादी वेगळी बारीक रोहिणी जाते का. हिला फार जपावे लागते. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीला पुष्कळदा हीच रक्त पुरवते. ती चुकून बांधली गेली तर ती नळी कुजण्याचा धोका असतो, आणि इतक्या कष्टाने बसवलेले मूत्रपिंड गळू लागते. चौथे, नीलांची वाट. डावी नीला लांब असते, कारण तिला महारोहिणी ओलांडून पलीकडे जावे लागते. उजवी नीला आखूड असते. लांब देठाचे फळ तोडायला सोपे, तसेच हे आहे. म्हणून बाकी सारे सारखे असेल तर बहुधा डावे मूत्रपिंड घेतात. काही माणसांत ही डावी नीला महारोहिणीच्या पुढून न जाता मागून जाते, तर काहींत दोन फाटे होऊन तिला वेढा घालते. हे आधी ठाऊक असले तर डॉक्टर सावध असतो. ठाऊक नसले तर रक्तस्राव होऊ शकतो.

आता ही तपासणी आली कशी, तेही थोडक्यात सांगतो. हयात माणसाचे मूत्रपिंड दुसऱ्याला बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया २३ डिसेंबर १९५४ रोजी अमेरिकेत बोस्टन येथे डॉक्टर जोसेफ मरे यांनी केली. रोनाल्ड हेरिक याने आपल्या जुळ्या भावाला, रिचर्डला, आपले एक मूत्रपिंड दिले. रिचर्ड त्यानंतर ८ वर्षे जगला. रोनाल्ड एका मूत्रपिंडावर २०१० सालापर्यंत जगला. मरे यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या देशात वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ साली हयात दात्याचे मूत्रपिंड यशस्वीपणे बसवण्यात आले.

त्या काळी दात्याच्या रोहिण्या पाहायच्या तर जांघेतल्या रोहिणीत सुई घालून तिच्यावाटे एक बारीक नळी थेट महारोहिणीपर्यंत सरकवावी लागे. नळीतून औषध सोडून क्ष-किरणांनी चित्रे घेत. स्वीडनचे डॉक्टर सेल्डिंगर यांनी १९५३ साली या नळीची सोपी रीत दाखवून दिली, आणि त्याही आधी, १९२९ साली, लिस्बनच्या डॉस सँटोस यांनी पाठीतून सुई घालून महारोहिणीचे चित्र मिळवले होते. उपाय चांगले होते, पण दात्याला त्रास होई. तपासणीनंतर पाय सरळ ठेवून तासन्‌तास पडून राहावे लागे, जांघेत रक्त साकळण्याची भीती असे, आणि मूत्रनलिका पाहण्यासाठी निराळी तपासणी करावी लागे.

१९७१ साली लंडनमध्ये हाऊन्सफील्ड यांच्या सी. टी. यंत्राने पहिल्या रोग्याचे चित्र घेतले. शरीराचे जणू पातळ काप करून पाहावे तसे हे यंत्र चित्र घेते. पुढे यंत्रे इतकी वेगवान झाली की एका श्वासाच्या अवधीत सारे पोट पाहून होऊ लागले. मग जांघेत नळी घालण्याची गरज उरली नाही. हाताच्या शिरेत सुई टोचली की भागू लागले. दुसरीकडे १९९५ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे दात्याचे मूत्रपिंड दुर्बिणीने, लहान छिद्रांतून काढण्याची पहिली शस्त्रक्रिया झाली. हल्ली पुष्कळ ठिकाणी हीच रीत वापरतात. दात्याला तीत दुखते कमी, आणि तो लवकर हिंडूफिरू लागतो. परंतु डॉक्टरला आत हात घालून चाचपता येत नाही, पडद्यावर दिसेल तेवढेच दिसते. म्हणून आधी काढलेल्या नकाशाचे महत्त्व आणखीच वाढले.

प्रत्यक्ष तपासणीच्या दिवशी काय होते? काही तास उपाशीपोटी बोलावतात. आधी रक्त तपासून मूत्रपिंडाचे काम ठीक आहे ना, हे पाहिलेले असते. दम्याचा विकार असेल, पूर्वी एखाद्या औषधाने अंगावर पित्त उठले असेल, चालू गोळ्या असतील किंवा बाईला दिवस गेल्याची शंका असेल, तर ते न लाजता आधी सांगावे. मग हाताच्या शिरेत सुई लावतात आणि टेबलावर उताणे निजवतात. यंत्र म्हणजे बंद बोगदा नव्हे. ते एक रुंद कडे असते आणि टेबल त्यातून पुढे-मागे सरकते. प्रथम औषध न देता चित्र घेतात, त्यात मुतखडा असेल तर दिसतो. मग शिरेतून आयोडीनयुक्त औषध सोडतात. दवाखान्यात त्याला 'डाय' म्हणतात, पण त्याला रंग नसतो. ते क्ष-किरणांना अडवते, म्हणून ज्या वाहिनीत ते असेल ती चित्रात पांढरीशुभ्र उठून दिसते. औषध शिरताच अंगात गरम लाट आल्यासारखे वाटते, तोंडाला धातूची चव येते, लघवी झाली की काय असा भास होतो. हे मिनिटभरात ओसरते. 'श्वास रोखा' म्हटले की रोखायचा, हलायचे नाही.

यातली खुबी वेळेची आहे. कालव्याला पाणी सोडले म्हणजे ते आधी चारीत दिसते, मग वाफ्यांत, आणि शेवटी निचऱ्यात. तसेच औषध टोचल्यापासून अर्ध्या मिनिटाच्या आत-बाहेर ते रोहिण्यांत भरलेले असते. दीडएक मिनिटाने मूत्रपिंडाचा गर आणि नीला उजळतात. काही मिनिटांनी तेच औषध लघवीबरोबर मूत्रनलिकेत उतरते. ज्या त्या वेळी चित्र घेतले, की एकाच टोचणीत रोहिण्या, नीला आणि मूत्रनलिका यांचा हिशेब लागतो. सगळे काम अर्ध्या तासात आटोपते. नंतर भरपूर पाणी प्यावे. निरोगी मूत्रपिंडे ते औषध दिवसभरात बाहेर टाकतात.

या तपासणीत धोका मुळीच नाही असे मी म्हणणार नाही. क्वचित एखाद्याला औषधाची ॲलर्जी होते, म्हणून डॉक्टर आणि उपाय जवळ असतात. क्ष-किरणही अंगावर पडतात. निसर्गातून आपल्याला जे किरण सतत मिळत असतात, त्यांच्या काही वर्षांच्या हिश्शाएवढे ते असतात. म्हणून ही तपासणी आधीच्या साऱ्या तपासण्या ठीक आल्यावरच, शेवटी करावयाची असते. ज्याला आयोडीनचे औषध चालत नाही त्याच्यासाठी चुंबकाच्या यंत्राने, म्हणजे एम. आर. पद्धतीने चित्र घेता येते. तीत क्ष-किरण नसतात, पण वेळ अधिक लागतो आणि अगदी बारीक वाहिनी कधी कधी निसटते. तसा सी. टी.चा नकाशाही शंभर टक्के पुरा नसतो. केसासारखी एखादी शाखा शस्त्रक्रियेच्या वेळीच दिसते.

आता मुद्द्याची गोष्ट. नकाशा हाती आला म्हणजे डॉक्टर एक नियम पाळतात, आणि तो प्रत्येक दात्याने तोंडपाठ करावा : दोहोंतले चांगले मूत्रपिंड दात्याकडे राहते. दोन्ही सारखी असतील तर सोपे पडेल ते घेतात. एकात लहानसा दोष असेल आणि तो घेणाऱ्याला बाधक नसेल, तर दोष असलेले घेतात आणि निर्दोष ते ठेवतात. प्रत्येक मूत्रपिंड किती काम करते हे मोजण्यासाठी आणखी एक तपासणी करतात. 'मुलाला चांगलं तेच द्या, माझं काय' असे आया म्हणतात. त्यांची माया खरी, पण डॉक्टरला तसे करता येत नाही. एक रोगी बरा करताना दुसरा तयार करायचा नाही, ही या कामाची मर्यादा आहे.

कधी कधी या तपासणीचे उत्तर 'नाही' असे येते. दोन रोहिण्या असल्या म्हणून सहसा नकार देत नाहीत. कुशल डॉक्टर त्या जोडून घेतात. पण दोन्हीकडच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असल्या, त्यांच्या भिंतीत विकार दिसला, फुगवटा आढळला, तर थांबावे लागते. असा विकार असलेल्या माणसाला पूर्वी कधी काहीच जाणवलेले नसते. अशा वेळी घरात काय होते ते मला सांगावे लागू नये. सगळ्यांची आशा तिच्यावर लागलेली, आणि ती परत येते. 'हिनेच डॉक्टरला काहीतरी सांगितलं असेल' असे कुणीतरी बोलून जातो. श्रोतेहो, हा बोल फार अन्यायाचा आहे. माणूस परीक्षेत नापास झालेला नसतो. त्याचे दोन्ही मूत्रपिंडांचे बळ त्याला स्वतःलाच लागणार आहे, एवढेच नकाशाने सांगितलेले असते. उलट त्याचा आजार वेळीच कळला, हे त्याचे नशीब समजा आणि त्याला उपचाराला न्या. रोग्यासाठी अजून वाटा असतात. दुसरे नातेवाईक असतात, दोन कुटुंबांनी आपापसांत दात्यांची अदलाबदल करण्याची सोय कायद्यात आहे, आणि मेंदूमृत दात्यांच्या यादीत नाव घालता येते.

उत्तर 'हो' आले, तरीही शेवटचा शब्द दात्याचाच. अवयव-प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला. १९९५ साली तो ज्या राज्यांत प्रथम लागू झाला, त्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते. या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. आई-बाप, मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण, पती-पत्नी हे जवळचे नातेवाईक मानले गेले, आणि २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे त्यांत आली. याबाहेरचा कुणी द्यायला निघाला तर समिती त्याची चौकशी करते. पण कायद्याचा गाभा एकच आहे : दान राजीखुशीचे हवे. सासरच्या धाकाने, भावकीच्या टोमण्याने किंवा कर्जाच्या ओझ्याखाली दिलेले ते दान नव्हे. दात्याशी डॉक्टरांनी एकटे, घरच्यांना बाहेर ठेवून बोलावे, आणि त्या वेळी दात्याने मन मोकळे करावे. भीती वाटत असेल तर तसे सांगावे. सही केल्यानंतरही, शस्त्रक्रियेच्या खोलीच्या दारातूनसुद्धा परत फिरता येते. डॉक्टर घरच्यांना 'दाता म्हणून योग्य नाहीत' एवढेच सांगू शकतात. त्याच्या पुढचे कारण ही दात्याची खाजगी बाब आहे.

देऊन झाल्यावर काय? राहिलेले मूत्रपिंड हळूहळू आपले काम वाढवते आणि काही महिन्यांत पूर्वी दोन्ही मिळून करत त्याच्या सुमारे ७० टक्के काम एकटे करू लागते. बहुतेक दाते आपल्या नेहमीच्या कामाला लागतात. शस्त्रक्रियेत दाता दगावण्याचे प्रमाण दहा हजारांत तिघांच्या आसपास आहे. ते थोडे आहे, पण शून्य नाही, आणि दात्याला ते आधी सांगितलेच पाहिजे. तरुण बाईला पुढे मूल हवे असेल तर तिने तेही विचारून घ्यावे, कारण एका मूत्रपिंडावर गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका थोडा अधिक असतो. दरवर्षी रक्तदाब, लघवी आणि रक्तातले क्रिएटिनीन तपासून घ्यावे. अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. रोग्याच्या औषधावर घर हजारो रुपये खर्च करते, आणि दात्याच्या वर्षाच्या तपासणीला एस. टी.चे भाडे निघत नाही, असे होऊ देऊ नका.

गुरुजी आणि बाई, तुमच्याकडे माझी एक विनंती आहे. गावात कुणावर ही वेळ आली तर लोक तुमच्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. तपासणीचा कागद इंग्रजीत असतो. तेव्हा दात्याला जवळ बसवून चार प्रश्न एका कागदावर लिहून द्या : माझ्या दोन्ही बाजूंना रोहिण्या किती? तुम्ही कोणते मूत्रपिंड घेणार, आणि तेच का? माझ्याकडे राहणारे पूर्ण निर्दोष आहे ना? पुढे मला कुणी आणि कुठे तपासायचे? हा कागद घेऊन ती डॉक्टरांसमोर बसली, की तिला आपले म्हणणे मांडता येईल. आणि या चार प्रश्नांची सरळ उत्तरे मिळेपर्यंत तिने अंगठा उठवू नये की सही करू नये. एवढे तिला समजावून सांगा.